हरिपाळदेव हरले कसे?

पदवीच्या वर्गाला ‘लीळाचरित्र’ शिकविताना आम्ही दोघेही अनेक वर्षे एकाच मळलेल्या वाटेने जात होतो. आधी म्हाइंभटाची चिकाटी, मग शके १२०० च्या आसपासचा यादवकाळ, मग त्या गद्याचे विशेष. चक्रधरस्वामींचे पूर्वचरित्र हा आमच्या लेखी प्रस्तावनेचा भाग होता. गुजरातेतील एका प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. त्यांना द्यूताची आवड. एके दिवशी ते हरतात. देणे भागविण्यासाठी पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागतात. ती देत नाही. त्या नकाराने मन उदास होते. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घर सोडतात आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीला पोहोचतात. हा सारा मजकूर दहा मिनिटांत आटोपून आम्ही पैठणास येत असू. बिडकीनच्या परिसरातील विद्यार्थ्यांना पैठण घरचे, त्यामुळे बाइसा आणि भोगनारायणाच्या देवळातील लीळा सुरू झाल्या की वर्ग सैलावून ऐकू लागे.

सहा-सात वर्षांपूर्वी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने या दहा मिनिटांतच प्रश्न विचारला, “सर, पण ते हरले कसे?” वर्ग हसला. आम्हालाही ती थट्टाच वाटली. तास संपल्यावर मात्र तो अध्यापक कक्षात आला आणि आपला प्रश्न त्याने नीट मांडून सांगितला. समोर खेळणारे कोण होते, ते कशा पद्धतीने खेळत होते, आणि हरिपाळदेवांना ते ओळखता का आले नाही, हे पुस्तकात कुठे आहे काय, असे त्याला विचारायचे होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्यापाशी मात्र एक वही होती.

ही वही मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकरची होती. आम्हा दोघांनाही त्या खेळाचा गंध नाही; दिवाळीत गावाकडे तीन पत्तीचे डाव बसतात ते दुरून पाहिलेले, इतकीच आमची पुंजी. पण वहीची मांडणी एखाद्या शोधनिबंधाला शोभावी अशी होती. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे टोपणनाव, शंभरातले किती हात तो खेळतो, खेळला तर बोली वाढवितो की नुसती पुरी करतो, अखेरीस उघडलेली पाने कशी निघाली, अशा नोंदी पानोपानी होत्या. आजचा हा निबंध त्या वहीचे आणि त्या प्रश्नाचे ऋण फेडण्याचा प्रयत्न आहे. खेळाडूची तऱ्हा ओळखणे आणि तिला उत्तर देणे ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, आणि ती कोठे अपुरी पडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वहीविषयी. पोकरचा जो प्रकार आज सर्वाधिक खेळला जातो त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर क्रमाने उघडली जातात. बोलीच्या चार फेऱ्या होतात. कोणत्याही फेरीत हात टाकून देता येतो. पहिल्या दोन पानांच्या जोड्या १३२६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या केवळ ६, म्हणजे २२१ वेळांतून एकदा. उत्तम पाने क्वचितच येतात, म्हणून बहुतेक डाव मध्यम किंवा वाईट पानांवर लढले जातात, आणि तेथेच माणसाचा स्वभाव उघडा पडतो. जाणकार हा स्वभाव दोन प्रश्नांवर मोजतात. हा किती हात खेळतो? आणि खेळताना तो मारतो की नुसता सोबत येतो? आमच्या विद्यार्थ्याने यासाठी आपल्या भाषेत चार नावे पाडली होती.

पहिला ‘आखडता-निमूट’. हा थोडे हात खेळतो आणि बोली क्वचित वाढवितो. त्याने वाढविली की मुकाट्याने बाजूला व्हावे. एरवी तो वाट पाहत बसलेला असताना लहानसहान पट त्याच्यासमोरून उचलावेत. दुसरा ‘सैल-निमूट’. याला काहीही करून शेवटचे पान पाहायचे असते. तो हात टाकतच नाही. त्याला हूल देणे व्यर्थ, कारण तो हुलीने घाबरत नाही. आपली पाने चांगली असतील तेव्हा त्याच्याकडून पुरेपूर दाम घ्यावा. तिसरा ‘सैल-मारका’. हा प्रत्येक हातावर तुटून पडतो. त्याच्याशी आवाज चढविण्यात अर्थ नाही. चांगल्या पानांची वाट पाहावी, ती आली की त्यालाच बोली वाढवू द्यावी. चौथा ‘आखडता-मारका’. हा निवडून खेळतो आणि खेळला की जोराने खेळतो. याच्याशी शक्यतो गाठ घेऊ नये. घ्यावीच लागली तर अशा जागी बसावे की त्याची चाल आधी होईल आणि आपली नंतर, म्हणजे निदान एक गोष्ट आपल्याला जास्त ठाऊक असेल.

हे सारे वाचून आम्हाला अचंबा वाटला तो त्या मुलाच्या निरीक्षणशक्तीचा. व्यक्तिचित्रणाच्या तासाला जे आम्ही वर्षभर सांगत असू ते त्याला खेळातून आधीच उमगले होते. आणि तरीही तो हरत होता. त्याचा प्रश्न त्यातूनच आलेला होता.

आता इतिहासाकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. जुगाऱ्याने स्वतःच्या तोंडून आपली दशा सांगावी अशी त्याची घडण आहे. त्या काळचे अक्ष म्हणजे आजचे सहा बाजूंचे फासे नव्हेत. ती बेहड्याच्या झाडाची फळे. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थानुसार खेळाडू ढिगातून मूठभर अक्ष उचलीत आणि संख्येला चाराने भागून काय उरते ते पाहत. बाकी काही न उरली तर कृत, सर्वोत्तम. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरला तर कली. युगांची नावे म्हणून आपण जी शिकलो ती जुगाराच्या पटावरही होती. अशा खेळात एका नजरेत ढिगातील संख्या जोखता येणे हेच कौशल्य ठरते.

हे ध्यानात घेतले की महाभारतातील नलोपाख्यान निराळे दिसू लागते. विदर्भाच्या दमयंतीचा पती नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी महिनोन्‌महिने खेळतो आणि राज्य हरतो. कथा सांगते की त्याच्या अंगात कली शिरला होता. युगपुरुष म्हणून कलीकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. पण खेळाच्या भाषेत कली म्हणजे हरण्याचे दान. हरण्याचे दानच माणसाच्या अंगात शिरते, यापेक्षा नेमके वर्णन आम्हाला अन्यत्र आढळले नाही. पुढे बाहुक या नावाने सारथी झालेला नळ राजा ऋतुपर्णाला घेऊन विदर्भाकडे रथ हाकीत असता वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण एका दृष्टिक्षेपात त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवितो, झाड तोडून मोजतो, आणि आकडा जुळतो. तेव्हा तो आपली अश्वविद्या देऊन राजाकडून अक्षहृदय ही विद्या घेतो. ती मिळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. येथे प्रतिस्पर्धी समोर नाही, पटही नाही. मोजता येऊ लागले आणि कली निघाला, इतकेच घडते. त्यानंतर नळ पुष्कराला पुन्हा बोलावतो आणि एकाच डावात सारे परत मिळवून थांबतो.

गणित जाणणे हा या विद्येचा एक भाग झाला. दुसरा भाग माणूस जाणण्याचा, आणि त्याचे सर्वांत तीक्ष्ण उदाहरण महाभारताच्या सभापर्वात आहे. खेळ सुरू होण्याआधीच शकुनीने दुर्योधनाला युधिष्ठिराविषयी दोन गोष्टी सांगितलेल्या आहेत: त्याला द्यूत आवडते, पण खेळता येत नाही, आणि बोलावले तर तो नाही म्हणू शकणार नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत या दोन वाक्यांसाठी वेगळा रकानाच होता. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही लोकप्रिय कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत नाही. कपटाचा आरोप तेथे आहेच. पण हाडांच्या फाशांची त्या डावाला गरज नव्हती. युधिष्ठिर जसजसा हरतो तसतशी त्याची बोली वाढत जाते. रत्ने, रथ, हत्ती, राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी. हरल्यावर मोठी बोली लावणारा माणूस समोर असला की दुसऱ्याला केवळ वाट पाहायची असते. पोकरच्या भाषेत या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. जुन्या पिनबॉल यंत्राला हिसका दिला की ते बंद पडे, त्यावरून हा शब्द आला. वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात आणि शेवटी तीच अक्षविद्या त्यालाही देतात, हे विसरून चालणार नाही. पुढे विराटाच्या दरबारी तो कंक या नावाने राहतो तो द्यूतातील जाणकार म्हणूनच.

तिसरे उदाहरण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे. मराठी रंगभूमीने गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरातून हे नाटक आपलेसे केले. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा, अंग चेपण्याचे काम करणारा एक मनुष्य दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो. माग चुकविण्यासाठी तो एका ओस देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि मूर्तीसारखा निश्चल उभा राहतो. जुगारगृहाचा मालक माथुर आणि एक जुगारी त्याच्या मागावर आत येतात. ही मूर्ती नसावी असा त्यांना संशय येतो. आता ते काय करतात? मारझोड करीत नाहीत, धमकी देत नाहीत. ते मूर्तीसमोरच बसून खेळू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाचे भान सुटते आणि डाव आपला आहे असे ओरडत तो पुढे येतो. प्रेक्षागृहात या प्रवेशाला हशा पिकतो. परंतु प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव ओळखून त्याला उत्तर देणे म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात दाखविणारा दुसरा प्रवेश आम्हाला तरी ठाऊक नाही.

या माथुराला संस्कृतात ‘सभिक’ म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत नेमकी याचीच नोंद नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा अधिकारी आहे. द्यूत ठरलेल्या एकाच जागी चालावे, फासे सरकारी असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत, असा नियम आहे. गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा शोध लागावा, हा त्यामागील हेतूही कौटिल्याने उघडपणे सांगितला आहे. मनूने राजाला द्यूत बंद करण्यासच सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र ते मान्य करून सभिकाचा हिस्सा ठरवून दिला: शंभर किंवा त्याहून अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, इतरांकडून शेकडा दहा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील सर्वांत मान्यता पावलेली टीका, विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’, चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या काळात कल्याणीस लिहिली गेली. आपला हा मुलूख तेव्हा त्याच राज्याच्या सावलीत होता. त्याचा पुत्र सोमेश्वर याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळ, फासे आणि कवड्या यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. हरिपाळदेवांच्या आधीच्या शतकात दख्खनेत द्यूत ही अशी नियम आणि हिस्सा असलेली गोष्ट होती.

शेकडा पाच हा आकडा लहान दिसतो, म्हणून तो थोडा उलगडून पाहू. चार सारख्या ताकदीचे खेळाडू प्रत्येकी १०० रुपये घेऊन बसले. टेबलावर ४०० झाले. प्रत्येक पट १०० रुपयांचा धरला आणि त्यातून ५ सभिकाला गेले, तर वीस पटांनंतर टेबलावर ३०० उरतात. कोणीही कोणाहून वाईट खेळलेले नाही, तरी एका माणसाची सगळी पुंजी नाहीशी झालेली आहे. साठ पटांनंतर १०० उरतील. हा हिस्सा आज टक्केवारीने आणि कमाल मर्यादेने निरनिराळा घेतला जातो, पण त्याची जात तीच. खेळाडूंच्या तऱ्हा ओळखणाऱ्याला जिंकायचे असेल तर इतरांपेक्षा चांगले खेळून भागत नाही; सभिकाच्या हिश्श्याइतके अधिक चांगले खेळावे लागते. आणि सभिकाला उत्तर देता येत नाही, कारण तो खेळतच नाही.

कायद्याने हा प्रश्न नेहमी दुसऱ्या बाजूने विचारला: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? यातही आपल्या भागाचा एक धागा आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. निजामी अमलातील १३०५ फसलीचा हैदराबाद जुगार कायदा आंध्रात पुढेही चालू राहिला. त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ मध्ये न्यायालयाने ठरविले की रमीमध्ये पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पत्ती मात्र न्यायालयाने निव्वळ नशिबाची मानली. पोकर या दोहोंच्या मधोमध पडला आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी त्याविषयी निरनिराळी मते दिली. मोबाइलवरील खेळांच्या कंपन्या अनेक वर्षे या ‘कौशल्य’ शब्दाच्या आधारावर उभ्या होत्या. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळण्याचे सर्व ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. दोन हजार वर्षांच्या वादात येथे पुन्हा मनूचा पक्ष वरचढ झाला असे म्हणता येईल.

आम्हाला मात्र कौशल्य की नशीब हा वाद अपुरा वाटतो. पोकरमध्ये कौशल्य नाही असे ती वही पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. तीन पत्तीतही २२,१०० संभाव्य हातांपैकी १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे चार डावांतून तीन वेळा हाती काहीच नसते आणि तरीही कोणी चाल करतो, कोणी पॅक होतो, कोणी पाने न पाहता ब्लाइंड खेळत समोरच्याला दुप्पट मोजायला लावतो. माणूस वाचण्याची कला तेथेही आहे. प्रश्न असा, की कोणाला वाचायचे?

विसाव्या शतकात गणितज्ञांनी या प्रश्नाला हात घातला. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ च्या आपल्या निबंधात आणि पुढे १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात खेळांचे शास्त्र मांडले. पोकरचे एक साधे रूप घेऊन त्यांनी दाखविले की हूल देणे हा स्वभावाचा दोष किंवा धाडस नसून गणिताची गरज आहे. जो कधीच हूल देत नाही त्याची चांगली पाने कोणी दाम देऊन पाहणार नाही. म्हणजे चांगल्या खेळाची कसोटी समोरच्याला ओळखण्यापेक्षा आपण ओळखले न जाण्यात अधिक आहे.

याचा पडताळा २०१७ च्या जानेवारीत आला. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तयार केलेल्या ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीने चार निष्णात व्यावसायिकांविरुद्ध १,२०,००० हात खेळून मोठी आघाडी घेतली. ते यंत्र प्रतिस्पर्ध्यांच्या चुका हेरून जिंकले असेल असे कोणालाही वाटेल. त्याची रात्रीची कामगिरी वेगळी होती. दिवसभरात या चौघांनी आपल्या खेळातील कोणत्या जागी बोट ठेवले, हे ते पाही आणि त्या जागा रात्रीतून बुजवी. प्रतिस्पर्धी त्याच्यासाठी आरशाचे काम करीत होते. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत दोनशेहून अधिक टोपणनावे होती. त्यांत त्याचे स्वतःचे नव्हते.

येथे आम्ही पुन्हा हरिपाळदेवांकडे येतो. त्यांच्या समोर कोण खेळत होते आणि कशा तऱ्हेने, हे ग्रंथात नाही. मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. परंतु त्या प्रश्नामुळे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, जी इतकी वर्षे शिकवूनही आली नव्हती. त्या प्रसंगात हरणाऱ्याची तऱ्हा ओळखणारी एक व्यक्ती आहे. ती पटाजवळ बसलेली नाही. ती घरात आहे. कमळाइसा अलंकार देत नाही. हा नकार आम्ही वैराग्याचे निमित्त म्हणून शिकवीत आलो, जणू त्या नकाराला स्वतःचा काही अर्थच नव्हता. आज आम्हाला वाटते, हरून घरी येणाऱ्या माणसाची पुढची बोली काय असणार हे तिला कळलेले होते.

एकदा हे दिसले की सगळीकडे दिसू लागते. नळ हरत चाललेला असताना दमयंती सारथ्याबरोबर मुलांना कुंडिनपुरास माहेरी पाठवून देते. मंत्री समजावून थकले, नगरजन दारी येऊन परतले. हिशेब तिने एकटीने केला. कौरवसभेत द्रौपदी विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? त्या भरलेल्या सभेत खेळाच्या नियमाविषयीचा एकमेव नेमका प्रश्न तिचा आहे, आणि भीष्मालाही त्याचे उत्तर देता येत नाही. अक्षसूक्तातील जुगारी आपली पत्नी दुरावल्याचे आणि सासू द्वेष करीत असल्याचे सांगतो, तेव्हा तोही याच गोष्टीची कबुली देत असतो. पटावर बसलेला माणूस समोरच्याला वाचतो. त्याला वाचणारे माणूस पटाबाहेर असते, आणि बहुधा त्याचेच दागिने पणाला लागणार असतात.

मुलाच्या घरची हकिकत आम्हाला नंतर कळली. २०१० नंतरच्या दशकात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी बिडकीन आणि आसपासच्या गावांतील हजारो एकर जमीन संपादित झाली. त्यात त्याच्या घरचीही गेली. मोबदल्यातून घर बांधले गेले, बहिणीचे लग्न झाले, एक गाडी आली. उरलेल्या रकमेपैकी काही भाग या खेळात गेला. किती, ते त्याने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. राहिलेली ठेव आईच्या आणि त्याच्या नावावर होती. ती मोडण्यासाठी त्याने आईपुढे कागद ठेवला. आईने सही केली नाही. त्याने वहीतील आकडे दाखविले, आपण कोणाकोणाला ओळखून आहोत हे पटवून दिले, पुढच्या महिन्यात सारे वसूल होईल असे सांगितले. आईला त्या आकड्यांतले काही कळत नव्हते. “तू हरून आलास की आधी जेवत नाहीस, फोन उचलतोस,” एवढेच ती म्हणाली.

हे वाक्य त्यानेच आम्हाला सांगितले, आणि सांगताना तो थोडा हसला. त्याच्या वहीच्या रीतीने ती नोंद अशी झाली असती: हरल्यावर थांबत नाही, बोली वाढवितो, उत्तर: वाट पाहा.

अक्षसूक्ताच्या शेवटी जुगाऱ्याला उपदेश आहे. फासे टाकू नकोस, आपले शेत कस, जे आहे त्यात समाधान मान. हा उपदेश आम्ही पूर्वी वर्गात सहज सांगत असू. आता सांगताना अडखळतो. ज्याचे शेतच आराखड्यात गेले त्याला शेत कसायला सांगण्यात काय अर्थ? जमिनीच्या बदल्यात आलेला पैसा आणि करण्याजोगे काम नसलेले दिवस यांच्या मधल्या पोकळीत हा खेळ आला होता. एका मुलाच्या दुर्गुणाची गोष्ट म्हणून ती सांगून मोकळे होणे आम्हाला तरी जमत नाही. कायद्याने ते दुकान बंद केले हे बरेच झाले. ती पोकळी मात्र कायद्याने भरणारी नाही.

तो मुलगा आता औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मध्यंतरी पैठण रस्त्यावर भेटला. वही काय केलीस, असे आम्ही विचारले. ठेवली आहे म्हणाला. मग त्याने उलट विचारले, “सर, ते हरिपाळदेवांचे अजून शिकवता का?” शिकवितो, असे आम्ही सांगितले. आता त्या भागाला दहा मिनिटे पुरत नाहीत. पूर्ण तास जातो, आणि त्यातला अर्धा कमळाइसेला.